दारविसची खिडकी

मित्रांनो, माझे झाकण उघडायला आता दोन हात लागतात. डाव्या बाजूची बिजागरी गंजली आहे, कडी वाकली आहे, आणि माझ्या सात खणांपैकी तीन खणांत मुलांनी गोट्या, रबराचे तुकडे आणि एका मेलेल्या भुंग्याचे पंख भरून ठेवले आहेत. तरीही नाक जवळ आणलेत तर जवसाच्या तेलाचा वास तुम्हांला नक्की येईल. मी एक जुनी रंगपेटी आहे. चित्रकार मूनिरची.

माझा जन्म पिनांग बेटावर, चिनी वैदूंच्या गल्लीत झाला. आ-चुआन नावाच्या म्हाताऱ्या सुताराने एका वैदूचे मोडलेले औषधांचे कपाट विकत घेतले होते. त्याच्या खणांतून त्याने माझे पोट घडवले. झाकणासाठी सागाची फळी मूनिरच्या आईने, मालीवानने, आपल्या सयामी माहेराहून आणली होती. झाकणाच्या आत आ-चुआनने दोन खाचा पाडल्या. ओल्या रंगाच्या दोन फळ्या एकमेकींना न चिकटता त्यांत बसत, आणि चित्रकाराला वाळण्याची वाट न पाहता पुढच्या गावाला निघता येई.

"या खणात पूर्वी वाळवलेले विंचू असायचे," तो मूनिरला म्हणाला. "आता तू पिवळा रंग ठेव. दोन्ही खाण्याआधी वैदूला विचारत जा म्हणजे झालं."

मूनिर तेव्हा एकवीस वर्षांचा होता. सहा दिवस तो सिनेमाच्या पाट्या रंगवी आणि सातव्या दिवशी मला सायकलच्या मागे बांधून निघे. पुढे पाट्या सुटल्या आणि सातही दिवस माझे झाले. केडाची भातशेते, इपोहच्या चुनखडीच्या टेकड्या, सोंगखलाचे तळे आणि त्यावरची उचलती जाळी, हे सारे मी उघड्या झाकणाखालून पाहिले. लोक चित्रांची वाहवा करत. शाळामास्तर ती वर्गात लावत, गिरणीवाले बैठकीत लावत. ती माझी भरभराटीची वर्षे होती.

मात्र हा मनुष्य कोणत्या गावचा, याचे उत्तर कोणालाच देता येत नसे. त्याचे वडील दारविस सुमात्राच्या डोंगरातून तरुणपणी व्यापारासाठी बाहेर पडलेले मिनांगकाबाऊ जमातीचे मुसलमान, आणि आई चिनी रक्ताची सयामी. सोंगखलाला आजोळी गेला की आजी दारातूनच ओरडे, "आला का तो मलायी पोर? भात वाढा त्याला. आणि ते डुकराचं ताट आधी लांब न्या!" पिनांगच्या गल्लीत पोरे त्याला सयामी म्हणत. मूनिर हसे आणि म्हणे, "माझं गाव म्हणजे सायकलची सीट." हसणे खरे होते. पण रस्त्याने जाताना कोणी आपल्या शेताकडे बोट दाखवून "हे आमचं" म्हणाले, की त्याचा पाय पायडलवर थांबे. ते थांबणे मला मागे जाणवत असे.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना आजही माझी कडी थरथरते.

सोंगखलाच्या तळ्याकाठी एकदा त्याने सकाळभर चित्र काढले. पाणी, जाळी, पलीकडचा ताडांचा पट्टा. फळी माझ्या खाचेत सरकवताना तो थबकला. ताडांच्या मागे, धुक्यात, एक छप्पर उभे होते. दोन्ही टोकांना रेड्याच्या शिंगांसारखे वर वळलेले, काळे, लांबच लांब. तळ्याकाठी तसले घर नव्हते. त्याने चाकूने ते खरवडले, वर आकाश लावले आणि झाकण बंद केले.

पुढे ते छप्पर येतच राहिले. केडाच्या शेतात बांबूच्या बेटामागे, इपोहच्या टेकडीच्या पायथ्याशी, समुद्राच्या चित्रात तर दूरच्या बेटावर. त्याचा हात ते केव्हा काढी हे त्याला कळत नसे. मलाही कळत नसे, आणि मी तर त्याच्या हाताखालीच उघडी असे. केडाचे एक जमीनदार, हाजी सुलोंग, चित्र घ्यायला आले तेव्हा चष्मा पुसून दोनदा बघत राहिले.

"मास्तर, शेत माझं, म्हशी माझ्या, बगळेसुद्धा माझे. मग मला न विचारता हे घर कोणी बांधलं?"

"चुकून आलं, हाजी. पुसून देतो."

"पुसा. आणि ज्याचं असेल त्याला सांगा, भाडं तरी द्यावं."

मूनिरने पुसले. पण ओल्या फळीवरचा डाग माझ्या झाकणाला आतून लागला होता. अशा अनेक डागांनी मिळून माझ्या झाकणाच्या आत एक पुसट घर तयार झाले. मला ते नको होते. मी पेटी आहे. माझ्या आत रंग राहावेत, कोणाची घरे राहू नयेत.

घर कोठून येते, हे मूनिरला ठाऊक होते. दारविस पिनांगच्या रस्त्यावर कापड विकत. दुपारची गर्दी ओसरली की गजाची काठी मांडीवर ठेवून ते मुलाला आपल्या गावचे, कोटो रांबैचे, घर सांगत. नऊ पायऱ्या. काळ्या तंतूंचे छप्पर. पुढे पाच खिडक्या. "आणि अगदी पूर्वेकडची, ती माझी. तिथून सिंगालांग डोंगर असा दिसतो, हात लावावा इतका." घरी जाईन जाईन म्हणत आधी युद्ध आले, मग वय आले, मग लाज आली. शेवटच्या आजारात त्यांनी मूनिरचे मनगट धरले आणि म्हणाले, "पूर्वेकडची खिडकी उघडी राहिली असेल. पाऊस आत येत असेल." त्यानंतर ते बोलले नाहीत.

दोन वर्षांनी कोटो रांबैहून पत्र आले. दारविसच्या बहिणीने, साउनाने, शेजारणीकडून लिहून घेतले होते, ते असे: दहा वर्षांपूर्वी डोंगरात सैन्य आले तेव्हा घर जळाले. माझे डोळे जात चालले आहेत. वितीवरचे तेवढे दिसते, तेही सकाळच्या उन्हात, आणि डॉक्टर म्हणतो की वर्षअखेरीस तेवढेही राहणार नाही. तू चित्रे काढतोस असे ऐकले. मला आमचे घर एकदा बघायचे आहे. लवकर ये.

आम्ही बोटीने सामुद्रधुनी ओलांडली आणि दोन बस बदलून डोंगरात चढलो.

साउना आत्या पत्र्याच्या झोपडीच्या दारात पान कुटत बसली होती. तिने मूनिरला खाली बसवले आणि त्याच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवली.

"नाक आमचं नाही. हनुवटीही नाही. थांब, कान मात्र दारविसचे. ऐकायचा नाही कुणाचं, पण कान मोठे होते मेल्याचे." मग तिने त्याची पाठ थोपटली. "ये, केळीच्या पोरा."

भावाच्या मुलाला त्या गावात केळीचे पोर म्हणतात. का म्हणतात ते कोणी नीट सांगत नाही. पण अर्थ मूनिरला लौकरच कळला. तिथे घर, शेत आणि कूळ आईकडून मुलींना मिळते. भावाचे मूल आवडते असते, पण घरचे नसते.

"मग आत्या, माझं घर कुठलं?"

"तुझ्या आईचं ते तुझं. कुठंय तिचं?"

"सोंगखलाला. पण तिथं मला मलायी म्हणतात."

"म्हणू देत. आम्हीही तुला सयामीच म्हणणार आहोत," ती म्हणाली, आणि करवंटीत कॉफीच्या पानांचा गरम काढा ओतून तिने त्याच्या हातात दिला.

घराच्या जागी खांबांखालचे दगड उरले होते, आणि बाजूला धान्याची एक कोठी. एवढेच. पण मित्रांनो, मी पाहिलेल्या सर्व जागांत त्या रिकाम्या जागेइतकी भरलेली जागा दुसरी नव्हती. गावकरी तिच्यावरून चालत नसत. नसलेल्या घराला वळसा घालून ते विहिरीवर जात. पूर्वी जिथे वळचण होती, तिथे डोक्यावर हारा घेतलेल्या बायका आजही किंचित वाकत. आत्या रोज सकाळी नसलेल्या जिन्याखालचे अंगण झाडी, आणि जिन्याची जागा आली की केरसुणी कडेने फिरवी.

मूनिर मला उघडून त्या दगडांसमोर बसला. पहिल्या दिवशी त्याने एक फळी रंगवून आत्याच्या डोळ्यांशी नेली.

"हे काय, पत्त्याचं पान? एवढ्यात तर माझ्या कोंबड्याही मावायच्या नाहीत."

"माझ्या फळ्या एवढ्याच आहेत, आत्या."

"मला डाग दिसतो नुसता. कुणी तपकीर सांडल्यासारखा."

चित्र मोठे हवे होते. इतके मोठे, की तिने वितीवर चेहरा आणून एकेक पायरी, एकेक खिडकी वेगळी पाहावी. पण तेवढे कापड कोटो रांबैत मिळत नव्हते, आणि शहराची बस दरड कोसळल्याने बंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आपली संदूक उघडली. तळाशी हात घालून पांढऱ्या कापडाची एक जाड घडी काढली आणि ती मूनिरच्या दोन्ही हातांवर ठेवली.

"हे तुझं आहे. तू जन्मल्याची चिठ्ठी आली, त्याच आठवड्यात घेतलं. आजवर जपलं. आता डोळे चाललेत, उद्या सापडायचं नाही मला. तुझं तू सांभाळ."

तिने संदूक बंद केली. मूनिरचे डोळे भरून आले. एकोणचाळीस वर्षे कोणी आपल्यासाठी काही राखून ठेवले होते! आपल्याला मोठे कापड हवे आहे हे जाणून आत्याने आपली ठेव दिली, असे त्याने मानले. कोटो रांबैचे शेंबडे पोरही ते कापड ओळखते. पण मूनिर तिथे वाढला नव्हता. आणि ओळखणारे लोक त्या कापडाचे नाव मोठ्याने घेत नाहीत.

त्याने बांबूची चौकट बांधली, कापड ताणले, म्हशीच्या कातड्याचा सरस आणि चुना लावून वाळवले. मग काम सुरू झाले. सोळा सकाळी. आत्या झोपडीच्या दारात बसून सांगे आणि तो रंगवी. पूर्ण झाल्याशिवाय बघायचे नाही, असे तिनेच ठरवले होते.

"छपराची टोकं वर कर. अजून. आमची म्हैस मान खाली घालून नव्हती उभी."

कुळाचे प्रमुख दातुक, आत्याचे मावसभाऊ, रोज छत्री टेकत येत आणि घराकडे न बघता खालच्या शेतांकडे बघत. "ए सयामी, तो बांध ओढ्याच्या अलीकडे घेतलास. पलीकडे घे. ओढ्यापर्यंतचं शेत आमचं आहे. उद्या कोणी चित्र दाखवून भांडायला आला तर?"

"दातुक, हे चित्र आहे, सातबारा नव्हे," आत्या दारातून ओरडे. (सातबारा हा शब्द माझा; तिने त्यांच्याकडचा वापरला.) मूनिर मुकाट्याने बांध पलीकडे घेई.

दहाव्या दिवशी तो खिडक्यांशी आला. त्याने चार काढल्या आणि पूर्वेच्या टोकाशी पाचवीची चौकट आखली.

"आत्या, बाबांच्या खिडकीला झडप कसली होती? एका फळीची की दोन?"

पान कुटायचा आवाज थांबला. "कोणाची खिडकी?"

"बाबांची. पूर्वेकडची. सिंगालांग दिसायची ती."

"तिकडे भिंत होती, पोरा. बांबूच्या कामट्यांची." ती हसू लागली, पण हसणे मध्येच विरले. "आम्ही चार बहिणी. चार खोल्या, चार खिडक्या. मुलग्याला खोली कुठली? दारविस सात वर्षांचा झाला आणि अंथरूण काखेत मारून सुराऊत झोपायला गेला. सगळेच जातात."

सुराऊ म्हणजे तिथले प्रार्थनाघर. गावचे सारे मुलगे तिथेच झोपतात.

"मग बाबा खोटं बोलले?"

"दिवसा यायचा. जेवायचा, जिन्यावर बसायचा. आई म्हणायची, चल, ऊठ, ऊन उतरलं. मग अंगणात उभा राहून वर बघत बसायचा. आम्ही खिडकीतून त्याच्यावर चिंचोके मारायचो." तिने पानाचा खल बाजूला सरकवला. "खिडकी नव्हती, मूनिर. मला घर बघायचंय. होतं तसं. नसलेलं दाखवू नकोस मला. माझ्याकडे तेवढे दिवस नाहीत."

मूनिरने फडक्याला टर्पेंटाइन लावून आखणी पुसली आणि तिथे कामट्यांची भिंत काढली. त्या दिवशी त्याने माझा एकही खण नीट बंद केला नाही. इतकी वर्षे त्याच्या प्रत्येक चित्रात जे घर शिरत होते, त्यात त्याच्या वडिलांना निजायलाही जागा नव्हती. ज्या खिडकीतून पाऊस आत येतो म्हणून तो म्हातारा मरताना कासावीस झाला, ती खिडकीच नव्हती.

सोळाव्या सकाळी चित्र पुरे झाले. दातुक बांधाची शेवटची तपासणी करून उन्हातून चौकटीच्या मागे सावलीला गेले. मागची बाजू कोरी होती. तिथे चाळीस वर्षांच्या घड्यांच्या रेषा होत्या, कापराचे पिवळे ठिपके होते, आणि कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा एकच खुणेचा टाका. त्यांनी टाक्याला बोट लावले आणि चटका बसावा तसे मागे घेतले.

"हे कापड कुठून आणलंस?"

"आत्याने दिलं. माझ्यासाठीच ठेवलं होतं म्हणाली."

"तुझ्यासाठीच आहे ते!" दातुकांचा आवाज चिरला. "अरे, कफन आहे ते तुझं!"

मग मला सारे ऐकू आले, आणि मूनिरलाही. भावाच्या मुलाला या गावात आत्या शेत देत नाही, खोली देत नाही, कूळ देत नाही. पण तो मेला म्हणजे त्याच्या अंगावर घालायचे पांढरे कापड आत्याने द्यायचे असते. ते दुसऱ्या कोणी द्यायचे नसते. तो जगाच्या पाठीवर कोठेही असो, कापड तिने राखायचे. केळीच्या पोराचा त्या घरावर एवढाच हक्क असतो. पण असतो.

"घर पेटलं तेव्हा हिनं काय बाहेर काढलं, ठाऊक आहे?" दातुक म्हणाले. "आईचे सोन्याचे दागिने आत राहिले. लग्नाचं जरीचं वस्त्र आत राहिलं. ही बया हे कापड उराशी धरून बाहेर आली. आणि तू त्याच्यावर खिडक्या रंगवल्यास!"

मूनिरने चाकू उचलला. रंग खरवडायचा होता त्याला. पण कोणते आधी वाचवावे हे त्याला कळेना: घर खरवडले तर आत्या ते कधीच पाहणार नव्हती, आणि ठेवले तर तिने आगीतून काढलेली एकमेव वस्तू गेली होती. चाकू त्याच्या हातातून सुटून माझ्या कडेवर पडला. तो घाव अजून आहे.

"काय झालं?" आत्या काठी टेकत आली होती. दातुकांनी सांगितले. ती ऐकत उभी राहिली. मी अठरा वर्षे उघड्या झाकणाखालून माणसांचे चेहरे पाहिले होते. तिच्या चेहऱ्यावर काय उमटते आहे ते मला वाचता आले नाही.

"चूक माझी," ती शेवटी म्हणाली. "नाव घ्यायचं नसतं म्हणून मी घेतलं नाही, आणि हा कशावर रंगवतोय ते विचारलंही नाही. या सयामीला काय कळणार?" मग तिने काठी टाकली. "ऊन आहे ना अजून? मला जवळ न्या."

मूनिरने तिला चौकटीशी नेले. तिने नाक कापडाला लागेल इतका चेहरा पुढे आणला आणि पश्चिमेच्या टोकापासून पाहायला सुरुवात केली. पत्र वाचावे तशी ती पाहत होती, ओळीओळीने, एकेक पाऊल सरकत. दातुकांनी छत्री मिटली.

"कोठी... हं. कोठीचा पाय किडलेला होता, तो बरोबर काढलास. जिना. एक, दोन, तीन..." नऊ मोजून झाल्या. "ही थोरलीची खिडकी. ही माझी. अगं बाई, माझीच की! इथून मी उडी मारली होती एकदा." ती तिथे फार वेळ थांबली. तिचा श्वास ओल्या रंगावर लागत होता. मग तिसरी खिडकी, मग चौथी. मग कामट्यांची भिंत. भिंतीवरून तिची नजर पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"दारविसची कुठाय?"

मूनिरला वाटले, तिचे भान सुटले. "आत्या, तुम्हीच म्हणालात, नव्हती."

"घरात नव्हती."

"मग?"

"घर आमचं होतं. बायकांचं. तिथं आईनं त्याला खिडकी दिली नाही, मीही दिली नसती." तिने कापडावर तळवा टेकला. "पण हे कापड तुझं आहे. तुझ्या कापडावर मी कोण बोलणार, आणि दातुक तरी कोण? काढ तुझ्या बापाची खिडकी."

"साउना, त्या बाजूला खोलीच नव्हती," दातुक कळवळून म्हणाले. "खिडकी उघडायची कशावर?"

"तुम्ही तुमचा बांध मोजा."

मूनिरने माझे खण एकेक करून उघडले. त्याने ती खिडकी रंगवली तेव्हा आत्या त्याच्या कोपराशी उभी होती, आणि कुंचला पुढे सरके तसा तिचा चेहराही सरके. झडप त्याने उघडी ठेवली. आत कोणी काढले नाही. आत गडद तपकिरी रंग दिला आणि हात थांबवला. पण मित्रांनो, मी तुम्हांला काही वाढवून सांगत नाही: त्या अंधाराकडे पाहणाऱ्या तिघांपैकी कोणीही, आत कोणी नाही असे म्हणाले नाही.

आत्या सकाळ संपेपर्यंत पाहत राहिली. नंतरच्या सकाळीही. तिसऱ्या आठवड्यात ती कापडासमोर उभी राहून म्हणाली, "आज ढग आहेत वाटतं." आकाश स्वच्छ होते.

निघण्याच्या आधी ती दातुकांचा दंड धरून बाजाराला गेली आणि बोटांनी चाचपून नवे पांढरे कापड घेऊन आली. या वेळी तिने नाव घेतले. "हे कफन आहे. कफन! ऐकलंस? याच्यावर काही रंगवू नकोस, मेल्या." तिने ते स्वतःच्या हातांनी माझ्या तळाशी, खणांच्या खाली ठेवले.

अठरा वर्षे मी ते वाहिले. वर रंग, खाली ती घडी. त्या अठरा वर्षांत मूनिरच्या चित्रांत ते छप्पर एकदाही आले नाही. शेतात शेत राहिले, तळ्यात तळे. गिऱ्हाइके खूष होती. फक्त तो स्वतः चित्र पुरे झाले की खाली वाकून झाडांच्या मागे, धुक्यात, बराच वेळ शोधत राही. जे छळत होते तेच सोबतही करत होते, हे त्याला उशिरा कळले. पिनांगमध्ये तो वारला तेव्हा शेजाऱ्यांनी मला उघडून कापड काढून घेतले. इतकी हलकी मी कधीच झाले नव्हते. त्याने लिहून ठेवल्याप्रमाणे त्यांनी मला कोटो रांबैला पाठवले. साउना आत्या त्याच्या आधीच गेली होती.

पुढे परगावी गेलेल्या मुलांनी मदत धाडली आणि कुळाच्या बायकांनी घर पुन्हा बांधायला काढले. जुन्या घराची मापे ठाऊक असलेला दातुकांखेरीज कोणी उरला नव्हता, आणि दातुकांना आता फक्त बांध आठवत. आत्याकडे राहिलेले ते चित्राचे कापड सुतारांनी झाडाला टांगले आणि त्यावरून मापे घेतली. खांब, पायऱ्या, छप्पर. त्यांच्या बोटांनी रंग झिजला, कडा फाटल्या. सुताराने खिडक्या मोजल्या आणि आत्याच्या परगावाहून परतलेल्या मुलीला, यूस्माला, विचारले, "बाई, खोल्या चार सांगता आणि खिडक्या पाच?"

यूस्माने कापडाकडे पाहिले. "चित्रात आहे ना? मग करा."

म्हणून आज कोटो रांबैच्या त्या घराला पाच खिडक्या आहेत. पाचवीच्या मागे खोली नाही. हात पसरता येतील एवढी अरुंद जागा आहे, आणि मी तिथेच जमिनीवर असते. घरच्या मुली रोज सकाळी चार खिडक्या उघडतात आणि मग कोणी न सांगता पाचवीही उघडतात. तिथे कोणी बसत नाही. जाता-येता जरा बाजूने जातात, कोणाला तरी पाय लागू नये अशा बेताने. पाऊस आला की सर्वांत आधी तीच लावून घेतात. समोर सिंगालांग दिसतो. हात लावावा इतका.

मित्रांनो, मी पेटी आहे, मला उपदेश शोभत नाही. पण एवढे सांगते. तुमच्या घरातली दोन म्हातारी माणसे एकाच घराबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागली, तर घाईने एकाला खोटे ठरवू नका. दोघांचेही शेवटपर्यंत ऐकून घ्या. त्यांचे डोळे आहेत तोवर ऐका. आणि कोणी काही जपून ठेवून तुमच्या हातात दिले, तर ते काय आहे हे विचारायला लाजू नका. देणाऱ्यांनीही सांगायला लाजू नये.

दुसरी विनंती माझी स्वतःची आहे. माझ्या कोपऱ्यातल्या खणात हिरव्या रंगाची एक नळी अजून आतून ओली आहे. इथली धाकटी मुलगी कधीकधी ती दाबून भिंतीवर रेघा ओढते. मला त्याचे वाईट वाटत नाही. रेघा चांगल्या आहेत. फक्त काम झाले की तिने नळीचे टोपण घट्ट लावावे, आणि माझे झाकण दोन्ही हातांनी मिटावे.